गाण्याची झोळी
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

डिसेंबरची पहिली तारीख आली की कल्याण स्टेशनबाहेर, डोंबिवलीच्या फडके रोडवर, ठाण्याच्या तलावपाळीवर कॉलेजची मुलं-मुली छातीला लाल फीत लावून उभी राहतात. एखादी ढोलकी असते, खंजिरी असते. एड्सविषयी चार शब्द सांगणारं पथनाट्य होतं, मधे एखादं गाणं होतं. लोकल पकडायची घाई असलेली माणसं क्षणभर थांबतात आणि पुढं जातात. एका वर्षी अशाच घोळक्यातली एक मुलगी पत्र्याचा डबा घेऊन माझ्यापुढं आली आणि म्हणाली, "काका, गाणं फुकट ऐकू नका. डब्यात काहीतरी टाका." मी नोट टाकली. तिनं हसत हसत माझ्या सदऱ्यालाही एक फीत टाचली.

घरी येईपर्यंत ती फीत मला टोचत होती. एका गाण्याचं आणि एका कार्यक्रमाचं देणं माझ्याकडे राहून गेलं आहे. आज त्या गाण्याचा इतिहास सांगणार आहे. सांगता सांगता ते देणं फेडता आलं तर पाहतो.

गाऊन मागणं आपल्याला नवं नाही. मी वाढलो कल्याणच्या दूधनाक्यावर. पहाटे मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव चिपळ्या वाजवत यायचा आणि गुरुवारी संध्याकाळी लोबानाचा धूर करत, डफावर थाप मारत फकीर यायचा. माझी दादी दोघांच्याही झोळीत पसाभर तांदूळ घालायची. ती म्हणायची, सूर लावून मागतो त्याला रिकामं पाठवू नये.

वासुदेव आणि फकीर आपल्या पोटासाठी गात. दुसऱ्यासाठी गाऊन मागण्याची रीतही महाराष्ट्रात जुनी आहे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात 'संयुक्त मानापमान' झालं. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दोन नाटक मंडळ्या त्या रात्री एकत्र आल्या. ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर झाले, गंधर्व मंडळीचे बालगंधर्व भामिनी झाले. उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला गेलं. पुढं तीनच महिन्यांत केशवराव वारले, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी. म्हणून त्या रात्रीची आठवण मराठी माणूस अजून काढतो. १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळ पडला तेव्हा इप्टाच्या कलावंतांनी गावोगाव गाऊन मदत गोळा केली. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, म्हणजे आपले शाहीर अमर शेख, याच परंपरेतले. माझ्यासारख्या मराठीत लिहिणाऱ्या मुसलमान पोराला त्यांचं नाव हा केवढा आधार होता, ते वेगळं सांगायला नको.

साऱ्या जगाचं लक्ष अशा कार्यक्रमाकडे गेलं ते १९७१ साली. बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे येत होते. पंडित रविशंकर अस्वस्थ होते. त्यांनी आपला शिष्य आणि मित्र जॉर्ज हॅरिसन याला हाक दिली. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एकाच दिवशी दोन कार्यक्रम झाले. सतारीला साथ होती अली अकबर खाँसाहेबांच्या सरोदची आणि अल्लारखाँच्या तबल्याची. त्या दिवसाच्या तिकिटांचे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफला मिळाले. ध्वनिमुद्रिकांचा पैसा मात्र करांच्या वादात कित्येक वर्षं अडकून पडला. गाणाऱ्यांनी झोळी पसरली तरी ती योग्य दारी पोचवायला हिशेब लागतो, हा धडा तेव्हाच मिळाला.

दुष्काळ, महापूर, युद्ध यांसाठी मागणं सोपं असतं, कारण त्यात कुणाचा दोष काढता येत नाही. पूर आला म्हणून पूरग्रस्ताला कुणी नावं ठेवत नाही. एड्सची गोष्ट निराळी होती.

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या सरकारी आरोग्य पत्रिकेत एक छोटी नोंद आली. लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांना एका विचित्र न्यूमोनियानं गाठलं होतं. एड्सची ती पहिली छापील नोंद. पाचही जण समलिंगी होते. त्यामुळं समाजानं हात झटकले. 'त्यांचा' आजार, त्यांच्या कर्माची फळं, असं बोललं जाऊ लागलं. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी विषाणू शोधला, तरी भीती ओसरली नाही. सिनेमातला देखणा नायक रॉक हडसन याला एड्स झाल्याचं १९८५ च्या जुलैत जाहीर झालं आणि २ ऑक्टोबरला तो गेला. अमेरिकेचे अध्यक्ष रेगन हडसनचे जुने परिचित. या रोगावर त्यांनी पहिलं मोठं भाषण केलं ते ३१ मे १९८७ रोजी. तोपर्यंत त्यांच्या देशात २० हजारांहून जास्त माणसं दगावली होती.

सरकार गप्प होतं त्या काळात एक गाणं पुढं आलं. बर्ट बॅकरॅक हे त्याचे संगीतकार आणि कॅरोल बेयर सेगर या गीतकार. 'दॅट्स व्हॉट फ्रेंड्स आर फॉर', म्हणजे 'मित्र असतात ते त्यासाठीच'. खरं तर गाणं नवं नव्हतं. १९८२ च्या एका चित्रपटासाठी रॉड स्टुअर्टनं ते गायलं होतं आणि कुणाच्या फारसं लक्षातही राहिलं नव्हतं. १९८५ साली डिऑन वॉर्विक या गायिकेनं ते पुन्हा गायला घेतलं आणि सोबतीला तिघांना बोलावलं. ग्लॅडिस नाइट, इंग्लंडचा एल्टन जॉन आणि जन्मानंतर लगेचच दृष्टी गेलेला स्टीव्ही वंडर. त्याच सुमाराला अभिनेत्री एलिझाबेथ टेलर, डॉ. मॅथिल्ड क्रिम आणि एड्सच्या त्या पहिल्या पाच रुग्णांची नोंद लिहिणारे डॉ. मायकेल गॉटलिब यांनी 'अ‍ॅम्फार' नावाची संस्था उभी केली होती. एड्सवरच्या संशोधनाला पैसा पुरवणं हे तिचं काम. गाण्याचं उत्पन्न या संस्थेला द्यायचं ठरलं.

जानेवारी १९८६ पासून ते गाणं अमेरिकेत चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. त्यातून ३० लाखांहून जास्त डॉलर जमले. पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमी पुरस्कारही मिळाले. गाण्यात रोगाचं नाव कुठंच नाही. औषध नाही, मरण नाही. आहे ती फक्त मैत्री आणि साथ देण्याचं वचन. लोकांनी ते लग्नात वाजवलं, निरोप समारंभात वाजवलं. ते ज्यांच्यासाठी होतं त्यांना मित्र उरले नव्हते, हे मात्र गाणाऱ्या चौघांना पुरतं ठाऊक होतं.

या गाण्याची सुरुवात माऊथ ऑर्गननं होते. स्टीव्ही वंडरनंच तो वाजवला आहे. आणि त्या माऊथ ऑर्गनपाशी माझी गोष्ट सुरू होते.

ऐंशीच्या दशकात ठाण्यापासून बदलापूरपर्यंत गल्लीगल्लीत ऑर्केस्ट्रा होते. गणपती, नवरात्र, पूजा, हळदी, सगळीकडे ऑर्केस्ट्रा. आमचाही एक होता. मी नुकता कॉलेजात गेलेलो, शेरोशायरी बरी करायचो, म्हणून निवेदक झालो. अ‍ॅकॉर्डियन वाजवणारा माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा होता. दिवसा अंबरनाथच्या एका कारखान्यात काम करायचा आणि रात्री वाजवायचा. त्याच्या सदऱ्याच्या खिशात कायम एक माऊथ ऑर्गन असे. आखातातून आलेल्या शेजाऱ्यानं त्याला इंग्रजी गाण्यांची एक कॅसेट दिली होती. तिच्यात हे गाणं होतं. मध्यंतरात लोक वडापाव खायला उठले की तो रंगमंचाच्या कडेला बसून त्या गाण्याची सुरावट वाजवायचा. मला म्हणायचा, "शायर, याचे शब्द आपल्याला कळत नाहीत, पण सूर बघ, कुणीतरी खांद्यावर हात टाकल्यासारखे आहेत." त्या गाण्याचा पैसा कशासाठी जातो, हे त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही.

त्याच १९८६ साली हा रोग आपल्या देशात आल्याचं सिद्ध झालं. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सुनीती सोलोमन यांच्या हाताखाली सेल्लप्पन निर्मला ही तरुण विद्यार्थिनी संशोधन करत होती. तिनं रक्ताचे नमुने गोळा केले, ते वेल्लोरला तपासले गेले आणि सहा स्त्रियांच्या रक्तात विषाणू सापडला. या सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. वडिलांच्या नावानं त्यांनी पुढं १९९३ मध्ये रुग्णांसाठी केंद्र काढलं आणि इतरांनी नाकारलेली माणसं तिथं तपासली.

नाकारणं म्हणजे काय, ते गोव्यात दिसलं. पर्रा गावचा डॉमिनिक डिसोझा हा तरुण नियमित रक्तदान करायचा. १९८९ साली त्याच्या रक्तात एचआयव्ही निघाला आणि पोलिसांनी त्याला धरून नेलं. तेव्हाच्या गोव्याच्या कायद्यानं म्हापशाच्या एका रिकाम्या आरोग्यधामात त्याला ६४ दिवस पहाऱ्यात एकटं ठेवलं. गुन्हा काय, तर रक्त. तो कोर्टात लढला, सुटला, आपल्यासारख्यांसाठी त्यानं संस्था उभारली आणि १९९२ मध्ये वारला. अशा काळात कुणी सांगावं तरी कसं की मला हा आजार आहे?

तरीही काही गाणाऱ्यांनी सांगितलं. काँगोचा, म्हणजे तेव्हाच्या झाईरचा, लोकप्रिय गायक फ्रँको यानं १९८७ मध्ये रोगाचं फ्रेंच नाव थेट गाण्याच्या मुखड्यात घालून लोकांना सावध केलं. युगांडाचा फिली लुटाया त्याहून पुढं गेला. स्वीडनमध्ये राहणारा हा नामांकित गायक १९८९ मध्ये मायदेशी परतला आणि त्यानं जाहीर केलं की मला एड्स आहे. आधी लोकांना वाटलं, नव्या कॅसेटची जाहिरात चालली आहे. मग त्याची खंगत जाणारी काया पाहिली तेव्हा पटलं. तो शाळांत गेला, चर्चमध्ये गेला, आपल्या एकटेपणाचं गाणं गायला. १५ डिसेंबर १९८९ ला तो गेला. त्याच्या गाण्यानं किती रक्कम जमली याला महत्त्व नाही. युगांडात या रोगाविषयी उघड बोलणं सुरू झालं, त्यात त्याचा वाटा मोठा.

तिसरा गायक तर आपल्या सातारा जिल्ह्यात शिकलेला. झांझिबारच्या पारशी कुटुंबातला फारोख बलसारा हा मुलगा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात राहिला, तिथंच पियानो शिकला आणि शाळकरी मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँड त्यानं काढला. जग त्याला पुढं फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखू लागलं. 'क्वीन' या बँडचा हा गायक कित्येक महिने आजारी होता, पण बातमीदारांपुढं गप्प राहिला. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्यानं निवेदन काढलं की मला एड्स आहे. दुसऱ्याच दिवशी तो गेला.

डिसेंबरमध्ये त्याचं १९७५ चं गाजलेलं गाणं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' इंग्लंडात पुन्हा बाजारात आणलं गेलं. त्यातून १० लाखांहून जास्त पौंड टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला मिळाले. हा हिगिन्स एड्सनं दगावलेल्या पहिल्या ब्रिटिश माणसांपैकी एक, आणि त्याच्या मित्रांनी त्याच्या नावानं ही संस्था काढलेली. २० एप्रिल १९९२ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानात ७२ हजार लोकांसमोर मर्क्युरीच्या आठवणीचा कार्यक्रम झाला. १९८५ च्या गाण्यातला एल्टन जॉन तिथं गायला, एलिझाबेथ टेलर तिथं बोलल्या. उत्पन्नातून मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट उभा राहिला. एल्टन जॉननंही त्याच वर्षी आपली संस्था सुरू केली. सात वर्षांपूर्वी चौघांनी पसरलेली झोळी आता मैदानाएवढी झाली होती. आणि या वेळी रोगाचं नाव व्यासपीठावरून मोठ्यानं घेतलं जात होतं.

आता आमच्या कार्यक्रमाकडे येतो. साल १९९६.

आमचा अ‍ॅकॉर्डियनवाला वर्षभर तापानं फणफणत होता. वजन निम्म्यावर आलं. एका मोठ्या रुग्णालयात त्याची तपासणी झाली आणि त्याच्या खाटेला लाल अक्षरांतली चिठ्ठी अडकवली गेली. वॉर्डातला प्रत्येक जण ती वाचत होता. त्याला औषध देणारी माणसं लांबून हात करायची. चिठ्ठीतलं अक्षर आम्हा चौघा मित्रांना कळलं. बाकी कुणाला सांगायचं नाही असं ठरलं.

नोकरी सुटली होती, घरात बायको आणि सहा वर्षांचा मुलगा. आम्ही मदतीचा कार्यक्रम करायचं ठरवलं. डोंबिवलीतल्या एका शाळेचं पटांगण मिळालं. पन्नास रुपयांच्या देणगी प्रवेशिका छापल्या: 'एका आजारी कलावंताच्या मदतीसाठी'. ठाण्याचे वादक फुकट आले, कल्याणच्या एका मंडपवाल्यानं भाडं घेतलं नाही, उल्हासनगरच्या ध्वनिक्षेपकवाल्यानं फक्त डिझेलचे पैसे घेतले. पटांगण भरलं. निवेदक मी होतो. एका शेरानं सुरुवात केली आणि माइकवर म्हणालो, "आपला मित्र क्षयरोगाशी झुंजतो आहे."

क्षय त्याला होताच. एड्सच्या रुग्णांना तो होतो. तेव्हा मी खोटं बोललो असं कुणी म्हणणार नाही. पण मी कशासाठी तसं बोललो हे मला माहीत आहे.

खर्च वजा जाता ४२ हजार रुपये जमले. दुसऱ्या दिवशी पाकीट घेऊन मी त्याच्या घरी गेलो. कुणीतरी कार्यक्रमाची कॅसेट त्याला आधीच ऐकवली होती. त्यानं पाकीट उशाखाली ठेवलं, बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "छान झालं सगळं. पण शायर, खरं सांगितलं असतंस तर किती लोक आले असते?"

मी म्हणालो, "कशाला तो विचार?"

तो म्हणाला, "म्हणजे आले ते त्या क्षयवाल्यासाठी. माझ्यासाठी कोण आलं होतं?"

मला उत्तर सुचलं नाही. बायकोनं चहा आणला. मी अर्धा प्यालो आणि अर्धा तसाच ठेवला. त्यानं ते पाहिलं.

त्याच वर्षी जुलैत कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या परिषदेत डॉक्टरांनी जाहीर केलं होतं की तीन औषधं एकत्र दिली तर एड्सचा रुग्ण जगतो. पण त्या औषधांचा खर्च वर्षाला १० ते १५ हजार डॉलर. तेव्हाच्या भावानं किमान साडेतीन लाख रुपये. आमच्या ४२ हजारांत जेमतेम दीड महिना निघाला असता. ती औषधं आपल्याकडे तेव्हा सहजी मिळतही नव्हती. आमच्या पैशांतून सलाईन, फळं, घरभाडं आणि मुलाची फी भागली. १९९७ च्या पावसाळ्यात तो गेला.

दिवस झाल्यावर वहिनींनी मला बोलावून त्याचा माऊथ ऑर्गन दिला. "तुमच्याकडेच राहू दे, भाई," एवढंच म्हणाल्या. हा रोग थुंकीनं पसरत नाही, हे मी तोवर दहा ठिकाणी वाचलं होतं. एका पथनाट्यासाठी मी तसं लिहूनही दिलं होतं. तरी घरी येऊन मी पातेल्यात पाणी उकळलं आणि तो माऊथ ऑर्गन त्यात टाकला. लाकूड फुगलं, पितळी पत्त्या वाकड्या झाल्या. त्यातून पुन्हा सूर निघाला नाही. ओठांना तर मी तो कधीच लावला नाही.

श्रोत्यांना हे ऐकून माझा राग आला तर तो रास्त आहे. पण यात गाण्याच्या इतिहासाचा एक भाग आहे, म्हणून सांगतो. गाणं पैसे जमवतं, आणि पैसे नकोत असं उपाशी माणसापुढं कुणी म्हणू नये. मात्र नाव लपवून जमवलेला पैसा शरीरापर्यंत जातो, माणसापर्यंत पोचत नाही. आम्ही त्याला ४२ हजार दिले आणि त्याच कार्यक्रमात त्याला एकटं पाडलं.

औषधांची गोष्ट पुढं बदलली, आणि तीही मुंबईतून. २००१ च्या फेब्रुवारीत सिप्ला कंपनीच्या डॉ. युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षाचा कोर्स ३५० डॉलरना देण्याची तयारी दाखवली. म्हणजे तेव्हाचे साधारण १६ हजार रुपये. जगभरच्या किमती धडाधड उतरल्या. १ एप्रिल २००४ पासून आपल्या सरकारनं निवडक केंद्रांतून ही औषधं मोफत द्यायला सुरुवात केली आणि पुढं ती केंद्रं जिल्ह्याजिल्ह्यांत निघाली. आज रोज गोळी घेणारा, रक्तातला विषाणू पूर्ण दबलेला माणूस नोकरी करतो, संसार करतो, आणि शरीरसंबंधातूनही जोडीदाराला त्याची लागण होत नाही, हे विज्ञानानं सिद्ध केलं आहे. आमच्या मित्राला सात-आठ वर्षं जास्त मिळाली असती तर तो आज साठीचा असता.

कुणी विचारील, मग खरं काम औषधांनी आणि सरकारांनी केलं, गाण्यांनी काय केलं? प्रश्न योग्य आहे. एका गाण्याचे ३० लाख डॉलर म्हणजे समुद्रात थेंब. देशोदेशीच्या सरकारांनी पुढं यापेक्षा कितीतरी पटींनी पैसा घातला. पण १९८५ साली सरकारांची तिजोरी बंद होती तेव्हा हा थेंब पडला, हेही विसरता येत नाही. आणि ज्याच्याजवळ बसायला कुणी तयार नव्हतं त्याच्या बाजूनं चार नावाजलेली माणसं एका सुरात उभी राहिली, तेव्हा सामान्य माणसाला वाटलं, हे उभे राहतात तर आपल्यालाही राहता येईल. त्या काळी ही हिंमत औषधाच्या दुकानात मिळत नव्हती.

२९ नोव्हेंबर २००३ रोजी दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला जगभरचे गायक जमले. कार्यक्रमाचं नाव '४६६६४'. नेल्सन मंडेला यांचा तुरुंगातला क्रमांक. ज्या माणसाला केवळ आकडा करून टाकलं होतं त्यानं तो आकडा एड्सच्या रुग्णांसाठी दिला, कारण तेही लोकांच्या लेखी आकडेच झाले होते. 'क्वीन'चे उरलेले साथीदार तिथं वाजवायला होते. आणि ६ जानेवारी २००५ रोजी मंडेलांचा मुलगा मक्गाथो वारला तेव्हा या बापानं त्याच दिवशी पत्रकारांना बोलावलं आणि सांगितलं की तो एड्सनं गेला. सत्तावीस वर्षं कैद सोसलेल्या माणसानंही हे बोलताना काळजावर दगड ठेवला असेल. पण त्यानं क्षय म्हटलं नाही.

आणि आता आपल्या मराठवाड्यातलं उदाहरण. लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यात हासेगाव आहे. रवी बापटले यांनी २००७ मध्ये तिथं एचआयव्ही असलेल्या अनाथ मुलांसाठी 'सेवालय' सुरू केलं. सुरुवातीला विरोध झाला. ही मुलं शाळेत आमच्या मुलांशेजारी नकोत, इथपर्यंत गोष्ट गेली. ती मुलं गोळ्या घेत घेत मोठी झाली, गाणं-नाच शिकली आणि त्यांनी 'हॅपी म्युझिक शो' उभा केला. गावोगाव जाऊन ती कार्यक्रम करतात आणि त्यातून आपल्या घरासाठी निधी जमवतात. इथं कुणी दुसरा त्यांच्यासाठी गात नाही, ती स्वतः गातात. आम्ही कोण, आम्हाला काय आहे, हे प्रेक्षकांना आधीच ठाऊक असतं. आणि तरीही लोक येतात, टाळ्या वाजवतात, पैसे देतात. १९९६ साली माझ्या मित्रानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर या मुलांनी दिलं.

एक फरक मात्र सांभाळायला हवा. रोगाचं नाव घ्यावं, माणसाचं नाव त्याच्या मर्जीशिवाय घेऊ नये. आपल्याकडे २०१७ साली एचआयव्ही-एड्सचा कायदा झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. नोकरी, शिक्षण, उपचार यांत भेदभाव करायला त्यानं बंदी केली आणि कुणाची स्थिती त्याच्या संमतीशिवाय उघड करायलाही. खाटेला लटकवलेली ती लाल चिठ्ठी आता बेकायदा आहे. ज्याला सांगायचं आहे त्याला सांगता यावं आणि ज्याला नाही त्याचं गुपित राहावं, दोन्ही त्याचेच हक्क.

म्हणून मी आज त्याचं नाव सांगणार नाही. मुलगा आता पस्तिशीचा आहे. त्याला फोन करून विचारलं तेव्हा तो म्हणाला, "चाचा, आजार सांगा. बाबांचं नाव राहू दे, आईला त्रास नको." वहिनी आहेत. वाजेनासा झालेला माऊथ ऑर्गन माझ्या कपाटात आहे.

तेव्हा माइक हातात आहे तोवर ते निवेदन दुरुस्त करतो. १९९६ साली डोंबिवलीत एका शाळेच्या पटांगणात एक कार्यक्रम झाला होता. तुमच्यापैकी काही जण कदाचित त्याला आला असाल. पन्नास रुपयांची प्रवेशिका घेऊन तुम्ही ज्याच्यासाठी गाणी ऐकलीत तो आमचा अ‍ॅकॉर्डियनवादक होता, माऊथ ऑर्गन फार सुंदर वाजवायचा, आणि त्याला एड्स होता. तुमचे पैसे त्याच्या घरी पोचले. उरलेलं मी आज पोचवलं.